नकाशावरची बाग

पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा 2007 ते 2027 अशा वीस वर्षांचा. त्याचे प्रारूप 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. 2015 मध्ये सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या समितीकडे दिला, आणि मोठ्या भागाला मंजुरी मिळाली ती जानेवारी 2017 मध्ये. वीस वर्षांपैकी दहा वर्षे मंजुरीतच गेली. यावर पुणेकरांचे हसून झाले आहे. खरी गोष्ट त्यानंतरची. मंजूर झालेल्या आरक्षणांना 2027 च्या सुरुवातीला दहा वर्षे भरतात, आणि दहा वर्षे हा नगररचनेच्या कायद्यातला मोठा अवघड टप्पा आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा. त्याचे कलम 38 म्हणते, आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा. कलम 127 म्हणते, शाळा, बाग, दवाखाना, मंडई यांच्यासाठी राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात आली नाही, तर मालकाने महापालिकेला नोटीस द्यावी. नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत भूसंपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपले. मूळ कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती, मग बारा झाली, 2015 पासून चोवीस. पावले म्हणजे काय, हेही 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगून टाकले: सभागृहात ठराव करून कागद मंत्रालयाकडे धाडणे पुरेसे नाही, संपादनाची प्रक्रिया खरोखर सुरू झाली पाहिजे. थोडक्यात, आराखड्याचे आयुष्य वीस वर्षांचे आणि त्यातल्या बागेची हमी दहा वर्षांची.

यात मालकाला दोष देण्याचे कारण नाही. दहा-वीस गुंठ्यांवर मैदानाचा शिक्का बसला की ती जमीन सहजी विकता येत नाही, तिच्यावर बांधता येत नाही, कर्ज मिळणे अवघड होते. शेजाऱ्याची जमीन निवासी क्षेत्रात, म्हणून तो बारा मजले चढवतो. हा मालक सात-बारा घेऊन नगररचना विभागाच्या पायऱ्या चढतो. त्याला किती काळ लटकवून ठेवायचे याला मर्यादा हवीच. प्रश्न महापालिकेचा आहे, आणि तो पैशाचा आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरातसुद्धा बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम देणे भाग पडले, म्हणजे दुप्पट मोजायचे. तेवढा पैसा नसतो म्हणून टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, पुढे केला जातो, पण टीडीआर हे चलन आहे. बाजारात त्याला भाव असेल तेव्हाच मालक ते हातात घेतो.

आरक्षणे गेली की आपल्याकडे ओरड होते ती उठवणाऱ्याच्या नावाने. अमुक नगरसेवक, तमुक बिल्डर, कलम 37 खालचा फेरबदल. ओरड रास्त आहे. पण फेरबदलाला निदान जाहीर सूचना काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, कुणाची तरी सही लागते. कलम 127 ला फक्त गप्प बसणे पुरते. नोटीस येते, फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, चोवीस महिने उलटतात, आणि बाग जाते. सही कुणाचीच नाही, म्हणून दोषीही कुणी नाही.

आराखड्याची रचनाच अशी एकांगी आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: इथे एवढे चटईक्षेत्र द्या, आणि एवढी माणसे राहायला येणार म्हणून शेजारी शाळा, मैदान, पाण्याची टाकी ठेवा. पहिली गोष्ट आराखडा लागू झाल्या दिवसापासून चालू होते, कारण तिला महापालिकेचा पैसा लागत नाही, उलट मिळतो. दुसरी गोष्ट अंदाजपत्रकात तरतूद होईपर्यंत थांबते. आरक्षण संपले म्हणून शेजारच्या इमारतीचे मजले कुणी उतरवीत नाही. उलट मैदानाच्या जागेवरही इमारत येते आणि तिच्यातली पोरे मैदान नसलेल्या पेठेत वाढतात.

याहून बरा मार्ग आपल्याच कायद्यात पडून आहे. 1915 चा मुंबई नगररचना कायदा नगररचना योजनेसाठी, म्हणजे टीपी स्कीमसाठीच केलेला. त्यात परिसरातल्या सगळ्याच जमिनी एकत्र धरायच्या, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा रस्त्यांना, बागांना घ्यायचा आणि उरलेली जमीन आखीव प्लॉट पाडून परत करायची. शिक्का एकट्यावर बसत नाही, म्हणून कोर्टातही कमी जण जातात. पार्ले, वांद्रे, शिवाजीनगर इथल्या जुन्या पत्त्यांतले टीपीएस आणि फायनल प्लॉट ही त्याचीच खूण. पुढे आपण ही पद्धत अडगळीत टाकली आणि अहमदाबादने ती चालू ठेवली. तिथल्या 76 किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीच जमीन अशाच योजनांतून आली. पुणे महानगर प्राधिकरणाने म्हाळुंगे-माणला तो प्रयत्न केला, पण तो अजून अपवादच आहे. दाट वस्तीत ही पद्धत जमणार नाही हे खरे. जुन्या हद्दीबाहेरच्या, नुकत्याच आत घेतलेल्या गावांत मात्र तिला अजून वाव आहे.

जुन्या हद्दीसाठी मागणी अगदी साधी आहे. महापालिकेने दर वर्षी अंदाजपत्रकासोबत यादी छापावी: कोणत्या आरक्षणाला दहा वर्षे कधी भरतात, कोणत्या जागेवर 127 ची नोटीस कोणत्या तारखेला आली, चोवीस महिने कधी संपतात, त्यातले काय विकत घेणार आणि काय सोडणार. ही सगळी माहिती नगररचना आणि भूसंपादन विभागाच्या फायलींत आहेच. मुंबईचा 2034 चा आराखडा मे 2018 मध्ये मंजूर झाला, तेव्हा तिथे ही यादी 2028 च्या आधी लागेल. सोडायच्या जागांसमोर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा छापला, तर आणखी बरे.