आयतं मिळतं की!

मराठी माणसाने हातात करवत घेतली, की शेजारच्या मराठी माणसाच्या तोंडून एकच मंत्र बाहेर पडतो : ‘‘अहो, आयतं मिळतं की बाजारात!’’ गेले तीन महिने मी हा मंत्र ऐकतो आहे. आमच्या बँकेतल्या हेडकॅशियरपासून माझ्या मेहुण्यापर्यंत सर्वांचा तो म्हणून झाला. माझा गुन्हा एवढाच, की मी घरच्या घरी कॅमेऱ्याचा गिंबल केला.

गिंबल म्हणजे काय? चालता चालता चित्रण करताना पडद्यावर भूकंप होऊ नये, म्हणून कॅमेरा ज्या कड्यांत तोलून धरतात ते प्रकरण. युक्ती जुनीच. जहाज डोललं तरी होकायंत्र डोलू नये, म्हणून ते असंच कड्यात कडं घालून टांगत. हल्लीच्या आयत्या गिंबलात तीन मोटरी असतात आणि हात किती हलला ते ओळखणारे जायरोस्कोप असतात. माझ्यात पडद्याचा जुना रॉड, ८ मिलिमीटर भोकाचं बेअरिंग, दोन कडी आणि खाली वजनाला वॉशर आहेत. एकूण खर्च ३४० रुपये. त्यात लेथवाल्याचा चहा धरलेला आहे.

‘‘आणि तुमच्या वेळाची किंमत?’’ मेहुणा विचारतो. तो एम.बी.ए. आहे. पण मीही बी.कॉम. आहे, कॉस्टिंग आम्हालाही होतं. हाच मेहुणा रविवारी सकाळी तीन तास फोनवर परक्यांनी केलेले पोहे बघत बसतो. ते तीन तास कोणत्या खात्यात टाकायचे, ते त्याने आधी सांगावं. माझे तास निदान भांडवली खर्चात तरी जातात!

आता त्या खर्चातून जमा काय झालं, ते ऐका. वाण्याचा जुना दांडीचा तराजू तुम्ही पाहिला असेल. त्याची दांडी जिथे टेकते, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या किंचित वर असतो. बरोबर गुरुत्वमध्यावर आला, तर दांडी वाकडी केली की वाकडीच राहील. फार वर गेला, तर पाचदहा ग्रॅमना ती दादच देणार नाही. गिंबलचंही तेच. रॉड आडवा धरून सोडायचा. दोन-तीन सेकंदांत सावकाश उभा राहिला, तर तोल साधला. झटकन उभा राहिला, तर खाली वजन जास्त. मग आपण थांबलो तरी कॅमेरा घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहतो. एक वॉशर काढा, पुन्हा सोडा. हा ‘गुरुत्वमध्य’ मी शाळेत पाठ केला होता आणि चार गुणांना विकून टाकला होता. तो बोटांना कळला चव्वेचाळिसाव्या वर्षी. आयत्या यंत्रात तोल मोटर सांभाळते आणि शहाणपणही तिच्याकडेच राहतं.

बरं, हे ‘आयतं’ आलं कुठून? फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने १९७० च्या दशकात खटपट करून ‘स्टेडिकॅम’ तयार केला. तो चालतो हे दाखवायला त्याने आपल्या मैत्रिणीला तिथल्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून पळवलं. १९७६ च्या ‘रॉकी’चा नायक त्याच पायऱ्या पळत चढला आणि १९७८ मध्ये ब्राउनच्या यंत्राला ऑस्कर मिळालं. त्याला कोणी ‘‘आयतं मिळतं की’’ म्हणालं नसेल. मिळतच नव्हतं!

लग्नांचं चित्रण करून पोट भरणाऱ्याने गिंबल खुशाल विकत घ्यावा. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव माझा वॉशर बदलून होईपर्यंत थांबणार नाही. माझं भांडण आहे ते हाताला सही आणि बटण यांपलीकडे काही येत नाही, याचा अभिमान बाळगणाऱ्यांशी. ‘दुरुस्तीपेक्षा नवीन स्वस्त पडेल’ हे दुकानदाराचं वाक्य आपण मुलांना सुभाषितासारखं ऐकवतो आणि वर त्यांच्याकडून ‘स्वावलंबनाचे महत्त्व’ हा निबंध लिहून घेतो. तोही आयत्या निबंधमालेतून.

आमच्या सहावीतल्या कन्येने परवा आपण होऊन एक वॉशर काढला, रॉड आडवा धरून सोडला आणि मोठ्याने सेकंद मोजले. मेहुण्याने आता तिच्या वेळाचंही बिल खुशाल पाठवावं.