आजींचे स्तवन आणि भिंतींचा हस्तक्षेप

काही जुन्या स्तवनांची चाल आज घरातील एकट्या आजींनाच ठाऊक असते. ती जपण्यासाठी नातवंडे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतात. परंतु ऐकताना आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. जिनालयाच्या घुमटाखाली तोच कंठ मधुर वाटलेला असतो. दोष कंठाचा नसून भिंतींचा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. दहा फुटांवरील उघड्या भिंतीवर आपटून तो सेकंदाच्या दोन शतांशांच्या आतच परततो आणि मूळ शब्दात मिसळून त्याला गढूळ करतो.

या कोड्याला गणिताची शिस्त लावली ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने. १८९५ साली तेथील फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन यांनी रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमण्याचा काळ मोजला. गाद्या वाढत गेल्या, तसा तो सुमारे एका सेकंदावर आला. हिशेब सरळ होता: घनफळ जितके मोठे तितका नाद रेंगाळतो, शोषक पृष्ठभाग जितका अधिक तितका तो लवकर विरतो.

कापडाच्या व्यापाऱ्यास हे नवल वाटू नये. ताग्यांनी भरलेल्या गोदामात आवाज घुमत नाही, हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. घरीही तेच साधावे. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवावे, जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस कापसाच्या जाड गाद्या उभ्या कराव्यात; कारण माइकचे तोंड त्याच दिशेला असते. गादी व भिंत यांत चार-पाच इंच अंतर ठेवल्यास खालचे स्वरही अधिक शोषले जातात. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. पातळ पडद्याला ती दाद देत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जैन घरास तो रुचणार नाहीच. शिवाय पातळ पुठ्ठा फारसे काही शोषतही नाही.

एक भेद मात्र ध्यानी असावा. गाद्या खोलीतील घुमणे शमवतात, रस्त्यावरचा भोंगा अडवत नाहीत. म्हणून पहाटेची वेळ निवडावी, खिडक्या लावून पंखा बंद करावा आणि माइक तोंडापासून वीतभर ठेवावा. आरंभी एक टाळी वाजवून पाहावी. ती घुमल्यास आणखी एक गोधडी टांगावी.

घुमटाचा भास नंतर यंत्राने घालता येतो. आवाजात एकदा मिसळलेले भिंतींचे घुमणे पूर्णपणे काढता येत नाही. यासाठी नवी खरेदीही नको. घरातील अंथरूण-पांघरूण पुरते. काम आटोपल्यावर गाद्या पुन्हा पलंगावर जातील. आजींचा कंठ मात्र पुढच्या चातुर्मासापर्यंत असाच राहील, हे कोणी सांगावे?