काटकसर कोठे करावी?

आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे गायन आम्ही वर्गात लॅपटॉपवर ऐकवीत होतो. ती संथ आलापी मध्येच अडखळू लागली. मुले हसली, आम्हीही यंत्रास जुनाट ठरविले. दोष मात्र वीजबचतीच्या योजनेचा होता. ‘पॉवर सेव्हर’ बॅटरी वाचविण्यासाठी प्रोसेसरची गती उतरविते. मग ध्वनीचा पुढील अंश वेळेवर सिद्ध होत नाही व सूर तुटतो. चार्जर जोडून ‘बॅलन्स्ड’ योजना निवडताच गायन अखंड चालू झाले. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु तिलाही विवेक हवा. विद्यार्थिमित्रहो, यंत्र असो वा वर्गबंधू, अडखळणाऱ्यास टाकाऊ म्हणण्यापूर्वी त्यास पुरेसे बळ मिळते काय, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.