बांगड्या मोडून गृहकर्ज फेडायचं?

"कर्ज डोक्यावर ठेवून कसला अपरिग्रह?" असं म्हणत घरातले पुरुष आपल्या बांगड्यांकडे आणि एफडीकडे बघतात. (स्वतःच्या शेअर्सकडे नाही, हं!) बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केला. मग घाई कसली? भरलेलं मुद्दल अडीनडीला बँक परत देत नाही, आणि तेव्हा काढलेलं व्यक्तिगत कर्ज कितीतरी महाग पडतं. २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकान पुन्हा उभं करायला रोकड लागते, कर्ज फिटल्याचा दाखला नव्हे. परिग्रहाची मर्यादा ज्याची त्याने घालायची. नवऱ्याने ती बायकोच्या कपाटापासून का सुरू करावी? आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, घराच्या कागदावर आपलं नाव आहे का ते बघा, मग फेडीचं बोला.