चष्म्याचा नंबर आणि आपली सचोटी

‘वैद्यराज, नंबर घालवा, पण मुलाला चष्मा नको,’ असा आग्रह धरणारे पालक आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात येतात. औषधालयांच्या फडताळांतही ‘नंबर घालविणारे’ थेंब आढळतात. या विषयावर मत बनविण्यापूर्वी नेत्र प्रकाशास कसा वळवितो, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका माध्यमातून दुसऱ्यात तिरपा शिरणारा किरण वाकतो. दोहोंच्या अपवर्तनांकांत जितकी तफावत, तितके हे वाकणे अधिक. हवेचा अपवर्तनांक १, तर पारपटलाचा सुमारे १.३८ आहे. म्हणूनच मनुष्यनेत्राच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती पारपटलाची असते. उरलेले काम भिंग करते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की पारपटलाची शक्ती बहुतांशी लोपते आणि सारे धूसर दिसते. माशाचे भिंग गोटीसारखे गोल असते, ते याचसाठी. शिजविलेल्या माशाच्या डोळ्यातील पांढरा मणी तो हाच. जवळचे-दूरचे पाहण्यासाठी मासा भिंगाचा आकार न बदलता ते मागेपुढे सरकवितो. पाणकावळा बुडी मारताच परितारिकेच्या बळकट स्नायूंनी मऊ भिंग दाबून फुगवितो व पारपटलाची उणीव भरून काढतो.

मनुष्याचे समायी स्नायू आकुंचन पावले की भिंगाचे तंतू सैल होतात आणि भिंग फुगीर होऊन जवळचे स्पष्ट दिसते. वयोमानाने भिंग ताठर होते. आपल्या भाषेने त्या वयाला आणि त्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले आहे. मुलांच्या निकटदृष्टितेचे कारण बहुधा निराळे असते. सुमारे २४ मिलिमीटर लांबीचे नेत्रगोल अधिक लांबते आणि किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकवटतात. एका मिलिमीटरच्या वाढीने अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. ही वाढलेली लांबी पूर्ववत करणारे अंजन, घृत वा थेंब आजवर सिद्ध झालेले नाहीत.

येथे काही वैद्यबंधू सुश्रुताचा आधार घेतात. उत्तरतंत्राच्या सातव्या अध्यायात द्वितीय पटलगत दोषात दूरचे जवळ व जवळचे दूर भासणे, सुईचे छिद्र न दिसणे अशी लक्षणे सांगितली आहेत. ते निरीक्षण थोर आहे, यात शंका नाही. परंतु त्यावरून ‘तिमिर म्हणजेच निकटदृष्टिता, सबब तिमिराचे औषध नंबर घालवील’ असा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. लक्षणसाम्य म्हणजे संप्राप्तिसाम्य नव्हे, हे आपलेच शास्त्र आपणांस शिकविते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. एका डोळ्याचा नंबर मोठा व दुसऱ्याचा अल्प असेल, तर मुलाचा मेंदू धूसर प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो आणि तो डोळा मंद होतो. यावरील उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वाधिक फलदायी ठरतात. अशा मुलाचे वर्षभर आपल्या थेंबांवर गेले, तर त्याची भरपाई कोणते रसायन करणार? कायद्याचाही विचार व्हावा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात अंधत्व, मोतीबिंदू व काचबिंदू यांची नावे आहेत. तथापि कायद्याच्या भयापेक्षा रुग्णाचा विश्वास आम्हांस मोठा वाटतो.

नेत्रांचा शिणवटा, रूक्षता, दिनचर्या व पथ्य यांविषयी आपणांस सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते जरूर सांगावे. मात्र दृष्टीची तक्रार असलेल्या प्रत्येक मुलाची नंबर तपासणी आधी करवून घ्यावी, दिलेला चष्मा काढावयास सांगू नये, आणि ‘नंबर घालविण्याचे’ वचन देणारा माल औषधालयचालकांनी फडताळावर ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. चष्मा लिहून घेण्यास मुलाला पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. खोट्या आश्वासनाने मात्र ती निश्चित उणावते.