रजिस्टरातली बैगा मुलगी

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर शंभरांत सुमारे बावीस माणसे आदिवासी. त्यात गोंड बहुसंख्य, तर बैहरकडच्या जंगलपट्ट्यातले बैगा थोडे. केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित जमातींमध्ये मोडतात. तरीही महाविद्यालयाच्या रजिस्टरात ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात दोघांची बेरीज केली की बैगा मुले दिसेनाशी होतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी महाविद्यालये २०१०-११पासून दरवर्षी सामाजिक प्रवर्गनिहाय आकडे दिल्लीला कळवतात. त्या आकड्यांमागच्या नोंदी आपल्या विद्यार्थ्यांसाठीही वापरायला हव्यात. प्रवेश, हजेरी, शिष्यवृत्ती आणि परीक्षा अर्ज यांच्या नोंदी जमातनिहाय, गावनिहाय शेजारी ठेवल्या, तर कोण गळण्याच्या बेतात आहे ते वेळीच कळेल. हजेरी तुटलेली, शिष्यवृत्ती बँक खात्याच्या त्रुटीत अडकलेली, परीक्षा अर्ज भरलेला नाही, अशा मुलीच्या घरी प्राध्यापकांनी त्याच आठवड्यात जावे. वसतिगृह हवे की बसभाडे, हे तिलाच विचारावे. तिची माहिती मात्र चव्हाट्यावर येऊ नये. प्राचार्यांनो, निकालाची वाट पाहू नका. पहिल्या सत्राच्या दुसऱ्याच महिन्यात या नोंदी एकत्र मांडा.