थेलीसचे घाणे आणि सिसिलीचे लोखंड

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गात ग्रीक तत्त्वज्ञान आले, की थेलीसची गोष्ट हमखास येते. तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही, असे लोक त्याला हिणवत. त्याने ग्रहताऱ्यांवरून ताडले, की यंदा ऑलिव्हचे पीक उदंड येणार. मग भर हिवाळ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गाठीच्या थोड्याशा पैशांत मिलेटस आणि कीऑस इथल्या सगळ्या तेलघाण्यांना इसार देऊन टाकला. चढी बोली लावायला कुणी नव्हतेच. हंगामात घाण्यांसाठी झुंबड उडाली, तेव्हा भाव त्याने ठरवला. वित्तशास्त्राचे शिक्षक याला ‘ऑप्शन’चा आद्य सौदा म्हणतात, आणि ते पटतेही: पीक बुडाले असते तर गेला असता फक्त इसार.

पण ‘पॉलिटिक्स’मध्ये ही गोष्ट सांगून अॅरिस्टॉटल तिथेच थांबत नाही. लोक याला थेलीसचे शहाणपण समजतात. युक्ती मात्र सर्रास वापरली जाणारी आहे, मक्तेदारीची, असे तो सांगतो. लगेच दाखला देतो सिसिलीतल्या एकाचा. या गृहस्थाने भट्ट्यांमधले सगळे लोखंड उचलले. व्यापारी आले तेव्हा विकणारा हा एकटाच. भाव फारसा चढवलाही नाही, तरी 50 टॅलेंटवर 100 कमावले. सिराक्यूजच्या डायोनिसियसच्या कानावर हे गेले. त्याने हुकूम काढला: पैसे खुशाल घेऊन जा, पण या शहरात राहायचे नाही. गिऱ्हाइकांच्या कळवळ्याने नव्हे हं, असला धंदा त्याच्या स्वतःच्याच हिताच्या आड येत होता म्हणून!

हा लोखंडवाला प्रशिक्षणवर्गात सहसा भेटत नाही. भेटायला हवा. कारण आपल्या ताळेबंदात दोघांची कमाई एकाच ओळीत जमा होते. मागणी आधी ओळखल्याचा नफा किती आणि सगळे घाणे आपल्याच हाती असल्याचा किती, हे वेगळे काढून पाहायची तसदी कोण घेतो? आपला 2002चा स्पर्धा कायदाही बाजारातल्या वर्चस्वाला हरकत घेत नाही, त्याच्या गैरवापराला घेतो. म्हणजे ही फोड निदान नोटीस येण्याआधी करून ठेवावी.

अॅरिस्टॉटलचा रोख अर्थात कायद्यावर नव्हता. घरसंसार नीट चालवायला लागणाऱ्या संपत्तीला मर्यादा असते, पैशासाठी पैसा मिळवण्याला ती नसते, हे त्याचे म्हणणे याच प्रकरणांतले. वार्षिक योजनेत वाढीचे आकडे तिमाहीवार असतात. ‘किती झाले म्हणजे पुरे’ हा रकाना आम्ही तरी अजून कुठे पाहिलेला नाही.